इतिहासात एम.ए., तेही स्कॉलरशिपवर: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. भाचीचं बी.ए. यंदा संपतंय, इतिहास घेऊन, आणि पुढं बाहेर शिकायचं म्हणतेय. घरात पैशाच्या नावानं आनंद आहे. मी पण एके काळी हा खटाटोप केलेला, अर्धवट सोडला, कारण ‘हिस्ट्री’ म्हटलं की समोरचा बी.एड. कर म्हणायचा आणि विषय संपायचा. ज्यांनी फॉर्म भरलेत, मिळाली न मिळाली, सगळ्यांनी लिहा की. नुसत्या लिंका नकोत.

खानापूरचा मास्तर
मी चेव्हनिंग दोनदा भरलं. ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप, एक वर्षाची मास्टर्स, फी-राहणं-तिकीट सगळं देतात, पण डिग्रीनंतर 2,800 तास काम केलेलं दाखवावं लागतं, म्हणजे साधारण दोन वर्षं. हायस्कूलातली नोकरी चालली, त्याची काळजी नको. पहिल्या वेळी निबंधात काय लिहिलं तर ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’. मग गड-किल्ले, मग महाराज. वाचणाऱ्याला जांभई आली असणार. दुसऱ्या वेळी लिहिलं की आमच्या तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली फाशी दिली आणि तिथल्याच पोरांना धड्यात ते दोन ओळींत शिकवावं लागतं, म्हणून मी नववीच्या पोरांना घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडनं ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरवून घ्यायला लावल्या. एवढंच. त्यावर इंटरव्ह्यूला बोलावलं. शेवटी रिझर्व्ह लिस्टमध्ये राहिलो, वर सरकलोच नाही. पण त्या वह्या आहेत अजून शाळेच्या कपाटात.

निपाणीकर
आमची आज्जी विड्या वळायची. 1925 साली निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरलेली, मला त्यावरच काम करायचं होतं. परदेशी शिकायला केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे ना, एससी आणि इतर काही गटांसाठी, 125 जागांची, ती डोक्यात होती. तर 2022 मध्ये नियमच बदलले, भारताची संस्कृती, वारसा, इतिहास यावरचे विषय त्यातनं वगळले. म्हणजे परदेशी जाऊन दुसरं कायबी शिका, निपाणी शिकायची नाही. मी तो पीडीएफ तीनदा वाचला, चुकीचा तर उघडला नाही ना करून.
मग सीयूईटी-पीजी, म्हणजे एम.ए.ची प्रवेश परीक्षा, दिली आणि सेंट्रल युनिव्हर्सिटीत एम.ए. केलं, फी परवडली, नंतर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली. भाचीला सांगा, बाहेरचा एक फॉर्म भरताना इथला एक भरून ठेवायचाच. त्यात कमीपणा कसला?

शहापूरची पोर
माझं झालं!! इरॅस्मस मुंडुस, म्हणजे युरोपियन युनियनची स्कॉलरशिप, दोन वर्षं, दोन देश. फी माफ आणि महिन्याला 1,400 युरो, पण नीट ऐका, तिकीट, व्हिसा, भाडं सगळं त्या 1,400 मधूनच.
लिहायला विषय घरातच होता. पणजोबा साड्यांचा धंदा करायचे आणि आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं. ट्रंकेत एक मोडीतली पावती होती, गाठोड्यावर जकात भरल्याची, कोपरा वाळवीनं खाल्लेला. ती लावायला मोडी शिकले, पाच महिने गेले, ‘र’ आणि ‘ल’ वर नुसतं रडू यायचं. पण अर्जात बाकी कुणाकडं असली पावती नसणार, हे मला पक्कं माहीत होतं.
खरा छळ कागदांचा. एसएसएलसी (दहावी) मार्क्सकार्डावर आडनाव आधी, पीयूसीच्या (बारावीच्या) कार्डावर नुसती इनिशियल, पासपोर्टवर आणि तिसरंच. इन्कम सर्टिफिकेट कन्नडात, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि नोटरी. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजच्या मार्कांचा अधिकृत उतारा, बंद पाकिटात पाहिजे होतं, त्यासाठी एका ऑफिसात चार हेलपाटे, चौथ्या वेळी खिडकीतला माणूस म्हणाला, शिक्का आहे पण पाकीट संपलंय. मी खाली उतरून झेरॉक्सवाल्याकडनं पाकीट घेऊन आले. नावाचं ॲफिडेव्हिट आत्ताच करून ठेवा, डेडलाइनच्या आठवड्यात नको.

येळ्ळूरचा
महाराष्ट्राची राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्ती बघून कुणी नाचू नका, मी नाचलेलो. महाराष्ट्राचं रहिवासी असावं लागतं. आमच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ फलक होता 2014 पर्यंत, पण डोमिसाईल तेव्हापण कर्नाटकचंच मिळायचं 😀

चिकोडी एक्सप्रेस
अमेरिकेत नुसत्या एम.ए.ला पैसे क्वचितच मिळतात, तिथं पीएच.डी.लाच फंडिंग असतं आणि बी.ए.नंतर थेट अर्ज करता येतो. मला हे दोन अर्जांची फी घालवल्यावर कळलं. आणि ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड, सोआस, रेडिंग युनिव्हर्सिट्यांसाठी फेलिक्स म्हणून स्कॉलरशिप आहे, मार्क फर्स्ट क्लास असतील तर तेपण बघायला सांगा.

धागाकर्ती
भाचीला सगळं वाचून दाखवलं. पावतीचं ऐकून तोंड पाडून बसली, आमच्याकडं कुठली ट्रंक म्हणून. मग आईनं माळ्यावरनं बिस्किटाचा डबा काढला, त्यात तात्यांचा 1954 चा शाळेचा दाखला निघाला, राज्य मुंबई लिहिलेला. पोरगी तासभर तोच घेऊन बसलेय. आडनावाचं स्पेलिंग त्यातपण वेगळंच आहे.