'पेस्ट्री'ला मराठीत काय म्हणायचं? (वेस्ट गावचे कोलाचे आणि आमच्या संपादक काकू)

डॅलसवासी:
मंडळी, एक घोळ झालाय, मदत करा. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी डॅलस ते ऑस्टिन गाडीने गेलो त्याचं चार पानी लिहून दिलं होतं. आय-३५ वर वेको यायच्या वीसेक मैल आधी 'वेस्ट' नावाचं बारकं गाव लागतं, तिथे झेक लोकांच्या बेकऱ्या आहेत आणि आमची गाडी तिथे आपोआप वळते. मी लिहिलं होतं, "वेस्टला थांबून चेक पेस्ट्री घेतल्या आणि वेको यायच्या आत संपवल्या". छापून काय आलं, तर "पश्चिम टेक्सासमध्ये थांबून झेक केक घेतले". अहो पश्चिम टेक्सास म्हणजे एल पासो, मिडलंड, तेलविहिरी, वाळवंट! हे गाव नकाशात पश्चिमेला नाहीच, वेस्ट आडनावाच्या माणसावरून नाव पडलंय. वर सांगलीहून आईचा फोन, "एवढ्या उन्हात क्रीमचा केक गाडीत नेलास कशाला, आंबला असेल".
तर प्रश्न असा की 'पेस्ट्री'ला मराठीत शब्द काय? काकू म्हणतात पुढच्या अंकात दुरुस्ती छापू, शब्द तू दे.

खारीबटर:
तुमच्या आईंचं बरोबर आहे. मराठीत पेस्ट्री म्हणजे क्रीमच्या केकचा तिकोनी तुकडा, वर एक लाल चेरी, जी कोणालाच आवडत नाही तरी सगळ्यांना हवी असते. इंग्रजीत काय का म्हणेनात. आपल्याकडे खारीला खारी म्हणतात, पॅटिसला पॅटिस, क्रीमरोलला क्रीमरोल, सगळ्यांना मिळून एक शब्द लागलाच तर 'बेकरीचं'. "येताना बेकरीचं काहीतरी आण" हे वाक्य कोणाला कळत नाही सांगा.

शुद्धमती:
'बेकरीचं' हा शब्द नव्हे, ही हार मानणं झालं. 'भट्टीपक्वान्न' का नको? अर्थ स्वच्छ, घडण सोपी. आणि आधी ते 'चेक' काढा, वाचून मला वाटलं बँकेत थांबले होते. 'झेक' लिहावे.

खारीबटर:
भट्टीपक्वान्न!! लग्नाच्या पंगतीत आचारी ओरडतोय असं वाटलं. आणि 'झेक'च का बरोबर? ते लोक स्वतः 'च'च म्हणतात, देश चेस्को, भाषा चेश्तिना. आपण इंग्रजी स्पेलिंगमधला झेड बघून झ लावला आणि पाठ्यपुस्तकात झेकोस्लोव्हाकिया छापून मोकळे झालो.

शुद्धमती:
मग 'जपान'ला उद्यापासून 'निप्पोन' म्हणा. रूढ ते रूढ.

खारीबटर:
अरेच्चा, रूढ ते रूढ तर पेस्ट्रीच्या वेळेस का नाही? 😄

ह्यूस्टनची_मावशी:
मी इथे १९८९ पासून आहे म्हणून मधे बोलते. वेस्टचा घोळ जुना आहे. तिथले लोक सुद्धा गावाचं नाव सांगताना "वेस्ट कॉमा टेक्सस" म्हणतात, स्वल्पविराम तोंडाने उच्चारतात! २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथे खताच्या कारखान्यात मोठा स्फोट झाला, पंधरा माणसं गेली, तेव्हा टीव्हीवर बघून माझ्या भावाला वाटलं कुठेतरी लांब पश्चिमेकडे झालंय. मी त्याला सांगितलं अरे मागच्या वर्षी तू जिथे जर्दाळूचे चार खाल्लेस ना, तेच गाव. तो फोनवर गप्पच झाला.
आता शब्दाचं. डॅलसवासी, तू 'पेस्ट्री' लिहिलंस कशाला मुळात? त्या गोल गोड पावांना नाव आहे की चांगलं. कोलाचे. पेढ्याला आपण 'भारतीय मिठाई' लिहितो का?

डॅलसवासी:
मावशी, लिहिलं होतं हो पहिल्या खर्ड्यात. "कोलाचे दुकान" असं होतं. काकूंनी फोन करून विचारलं, कोका का पेप्सी.

खारीबटर:
🤣🤣 खसखस पिकली इकडे

मधली_आळी:
पण हे तर फार सोपं आहे. मूळ झेक शब्द एकवचनी 'कोलाच', अनेकवचन 'कोलाचे'. टेक्ससवाल्यांनी अनेकवचनालाच एकवचन मानलं आणि परत स लावला, 'कोलाचीज'. आपण 'फुटवेअर्स' म्हणतो तसं. मराठीत आणताना एक कोलाचा, दोन कोलाचे करा, पेढा पेढे, बत्तासा बत्तासे. सामान्यरूप पण झकास होतं, कोलाच्यावर, कोलाच्यात. जणू आपलाच शब्द.

शुद्धमती:
झेकमध्ये व्यंजनान्त आहे तर मराठीतही 'कोलाच' ठेवावा. पुल्लिंगी व्यंजनान्त शब्दाचे अनेकवचन बदलत नाही. एक लाडू दोन लाडू, एक कोलाच दोन कोलाच.

मधली_आळी:
लाडू व्यंजनान्त??

शुद्धमती:
उदाहरण चुकले, नियम चुकला नाही. एक पापड दोन पापड घ्या.

पोदेराचो_शेजारी:
आमच्या गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलचा भोंपू वाजवत येतो तेव्हा त्याच्या टोपलीत काकणां असतात, बांगडीसारखा गोल कडक पाव, बांगडी म्हणजे काकण म्हणून पावाचं नाव पण तेच. झेक 'कोलाच' पण 'कोलो'वरून आलाय, कोलो म्हणजे चाक. म्हणजे तिकडे चाक आणि इकडे बांगडी, बेकरीवाल्याचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं. आणि पोदेर हा शब्द पोर्तुगीज, पाव पण पोर्तुगीज, कोणी भट्टीपक्वान्नवाला म्हणून हाक मारत नाही.

मधली_आळी:
कोलो म्हणजे चाक हे वाचून अंगावर काटा आला. संस्कृत चक्र, आपलं चाक आणि स्लाव्ह लोकांचं कोलो हे एकाच जुन्या धातूतून आलेत, इंग्रजीतलं व्हील पण त्यातच. म्हणजे कोलाच आणि आपली चकली सख्ख्या चुलत बहिणी!

विदर्भाची_पोर:
आन् चकोल्या? वरणफळाले आम्ही चकोल्याच म्हणतो 😀

शुद्धमती:
थांबा. चकली चक्रावरून नाही. संस्कृतात 'शष्कुली' आहे, तळलेला पदार्थ. कन्नडमध्ये चक्कुली, तिथून चकली.

मधली_आळी:
सोऱ्यातून चाकासारखी गोल गोल पडते डोळ्यांसमोर आणि तुम्ही शष्कुली काढताय? आमची आजी 'चक्र' म्हणूनच पाडायची, "तीन चक्रं दे, जास्त नको".

शुद्धमती:
आजीचा आदर आहे. व्युत्पत्ती आजीच्या सोऱ्यातून पडत नाही.

मधली_आळी:
हे जरा जास्त झालं. असो.

डॅलसवासी:
मंडळी, पेस्ट्री...

ह्यूस्टनची_मावशी:
अरे बाळा तुला अजून दुसरी अडचण आहे, तू लेखात सॉसेजवाले पण 'कोलाचे'च लिहिलेस का? ह्यूस्टनला डोनटच्या दुकानात सॉसेज, चीज, हॅलपिन्यो मिरची घातलेले मिळतात त्यांना सगळेच कोलाचे म्हणतात. पण वेस्ट, कॉल्डवेल, ला ग्रेंज इकडच्या एखाद्या झेक आजीसमोर म्हणून बघ. कॉल्डवेलला तर दर सप्टेंबरात कोलाच्यांची जत्रा भरते, मी गेलेय. तिथे मी सहज विचारलं की सॉसेजचा कोलाचे आहे का, बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, तो 'क्लोबास्निक'. क्लोबासा म्हणजे सॉसेज, ते कणकेत पूर्ण गुंडाळलेलं. कोलाचा गोड आणि उघडा असतो, मधे खळगा करून त्यात जर्दाळू, सुके आलुबुखार, खसखस नाहीतर ताज्या चीजचं सारण. गंमत म्हणजे क्लोबास्निक जुन्या देशात नव्हताच. हे लोक १८५० नंतर बहुतेक मोराव्हिया या झेक प्रांतातून आले, आणि तो पदार्थ इथे टेक्ससात झाला, वेस्टमधल्या व्हिलेज बेकरीने १९५२ नंतर केला असं सांगतात. म्हणजे परदेशात जन्मलेलं पोर, पण नाव शुद्ध गावाकडचं, आणि चुकीचं घेतलं की घरचे चिडतात. आपल्या मंडळात बघतेच की मी 😌

शुद्धमती:
मावशी, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. त्या बाई शब्दाची सीमा सांभाळत होत्या.

खारीबटर:
आणि दारात रांग लावलेले तीनशे जण काय म्हणत होते? सॉसेज कोलाचीच ना?

पोदेराचो_शेजारी:
'सारण' वर माझी हरकत. सारण आत असतं, नेवरीत, करंजीत, मोदकात. वर दिसतंय ते सारण कसं? ते तर नुसतं ठेवलेलं.

विदर्भाची_पोर:
मग काय म्हनाचं, टॉपिंग? 🙄

ह्यूस्टनची_मावशी:
मी तरी सारणच म्हणते. खळग्यात भरलं म्हणजे भरलं. वाटीतली आमटी पण वरून दिसतेच.

मिनेसोटाकर:
उशिरा आलो. आमच्या मिनेसोटात माँटगोमरी गावी याच पदार्थाचा सण असतो आणि तिथे नाव 'कोलाचकी' आहे, म्हणजे छोटे कोलाच, डबा आणि डबी असतं ना तसं. म्हणजे टेक्ससचं ते प्रमाण आणि बाकीचे अशुद्ध असं समजू नका. ओक्लाहोमात तर प्राग नावाचं गाव आहे, तेही झेक लोकांनीच वसवलं, आणि तिथले सगळे त्याला 'प्रेग' म्हणतात. आता लिहा काय लिहायचं ते. बाय द वे लहानपणी शाळेसाठी बाटाचेच बूट घेतलेत ना सगळ्यांनी? ती कंपनी मूळ मोराव्हियातल्या झ्लीन गावची, १८९४ सालची. तेव्हा कोणी विचारलं नाही मराठीत काय म्हणायचं म्हणून.

खारीबटर:
'चर्मपादुका' म्हणाले असते काहीजण.

शुद्धमती:
म्हटले तर बिघडले कोठे?

डॅलसवासी:
अहो काकूंचा मेसेज आलाय, शुक्रवारी अंक छापायला जातोय. सध्या मी असं करतोय, "वेस्ट या गावी थांबून कोलाचे (झेक लोकांचा गोड भरलेला पाव) घेतले". चालेल का?

पोदेराचो_शेजारी:
'भरलेला' नको.

शुद्धमती:
'कोलाच' करा.

खारीबटर:
'गोड पाव' म्हटलं की लोकांना बनमस्का आठवणार, आणि बनमस्का आठवला की पुढचा लेख कोणी वाचत नाही.

विदर्भाची_पोर:
मावशी एक विचारू का, ते खसखशीवाले कसे लागतात? फोटोत काळं काळं दिसून राह्यलं, मले तर कारळ्याची चटणीच वाटली.

ह्यूस्टनची_मावशी:
अगं, कारळेच वाटतात पहिल्यांदा! त्यांची खसखस निळसर काळी असते, आपली पांढरी. ते ती दळून दुधात साखर घालून शिजवतात, पुरणासारखी घट्ट. मी एकदा पांढरी संपली म्हणून तीच अनारशांना लावली होती. चव चांगली होती पण ताटात ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, करपलेत गं सगळे.

विदर्भाची_पोर:
अनारसे तुपात पसरतात का तुमच्याकडच्या तांदळाचे? माझे दर वर्षी हसतात.

ह्यूस्टनची_मावशी:
कुठला तांदूळ घेतेस ते आधी सांग. तीन दिवस भिजवतेस ना? आणि गूळ का साखर?