कर्दळ म्हणावी तर कर्दळ नाही, हे झाड कोणतं? (फोटो जोडलाय)

मागच्या आषाढात आत्याने सावंतवाडीहून येताना दोन कंद पेपरात गुंडाळून आणले. "लाव, फुलं छान येतात," एवढंच म्हणाली. नाव तिलाही ठाऊक नाही. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे, तिथे कुंपणालगत लावले. आता नुसतं रान माजलंय.

उंची माझ्या कमरेपर्यंत. पानं केळीसारखी, पण अरुंद. दांड्याच्या टोकाला नारिंगी होड्या एकीआड एक, डावी-उजवी. हाताला मेणासारख्या लागतात आणि पंधरा दिवस तशाच टवटवीत राहतात. आई म्हणते कर्दळ. शेजारच्या काकू म्हणतात बर्ड ऑफ पॅरडाइज. गंगापूर रोडच्या एका नर्सरीवाल्याने फोटो बघून "फॉरेनचं आहे" असं सांगितलं, ते तर मलाही दिसतंय!

डिसेंबरात पानांच्या कडा करपल्या आणि फुलं बंद. शिवाय फुलून गेलेले दांडे नुसतेच उभे आहेत. कापू का?

प्रतिसाद १
हेलिकोनिया. होड्या म्हणजे फूल नव्हे, रंगीत पानंच ती. खरी फुलं आत, बारीक नळीसारखी. टोकाजवळ काळपट ठिपका आहे का बघा. असेल तर सिटाकोरम जात. कर्दळीच्या पाकळ्या मऊ असतात, दोन दिवसांत मान टाकतात. बर्ड ऑफ पॅरडाइज दक्षिण आफ्रिकेचं, त्यात नारिंगीबरोबर निळा असतो. आई अगदीच चुकल्या नाहीत म्हणा; केळ, कर्दळ, आलं, हळद आणि हे, सगळी एकाच गोतातली.

प्रतिसाद २
आम्ही निफाडचे. थंडीत इथे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तिथे या उष्ण प्रदेशातल्या झाडाने काय करावं? कंद जिवंत असतो, घाबरू नका. बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पाणी कमी करा. फुललेला दांडा केळीसारखाच, पुन्हा फुलत नाही. बुडातून कापा, बाजूचे कोंब वर येतील. उन्हाळ्यात मात्र पाण्याची हयगय नको.

धागाकर्ती
आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आले. ठिपका आहे! आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे कर्दळीची चुलत बहीणच ना." दांडे उद्या सकाळी कापते. एक राहिलंच: कंद वेगळे करायचे तर आत्ता, की पावसाच्या तोंडावर? काकूंनी दोन मागून ठेवलेत.