शाळेत आहार शिजवणाऱ्या बाईला मिळतं तरी काय?

चूलवाली:
परवा 'सांजवेळ' यांनी इथे लिहिलं की शालेय पोषण आहार बंद करा, पैसे सरळ पालकांच्या खात्यावर टाका. कारण काय, तर शिजवणाऱ्या बायका तांदूळ घरी न्यायलाच येतात, त्या कामात कुणाला कसला रस असणार! दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेच.

चौदा वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहार शिजवते. पट ८६, पहिली ते पाचवी, शिजवायला आम्ही दोघी. खरेदी, साठा, हिशोब बघायचं काम गुरुजींकडे. हजेरी झाली की गुरुजी आकडा सांगतात. ७९ म्हटले की ७ किलो ९०० ग्रॅम तांदूळ. मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. सगळं गुरुजींसमोर काट्यावर. यातून घरी न्यायला काय उरतं ते एकदा येऊन बघा.

आता रस कशात, ते सांगते. इतर दिवशी याच मापात पातेल्याच्या तळाशी दोन-चार वाट्या भात राहतो. सोमवारी राहत नाही. पोरं तिसऱ्यांदा ताट घेऊन येतात, शेवटी खरवड मागतात. रविवारी कुणाच्या घरी काय शिजलं नाही ते मला पातेल्यावरून कळतं. दुसरीतली एक पोरगी दर सोमवारी पहिल्या सुट्टीलाच दाराशी येऊन उभी राहायची. मागायची काही नाही, नुसती वाफेकडे बघायची. मी गुरुजींच्या कानावर घातलं. चौकशी केली तर बाप कामासाठी बाहेरगावी, आई अंथरुणाला खिळलेली. तेव्हापासून सोमवारी फोडणी घालायच्या आधी वाटीभर वरण मी तिच्यासाठी काढते. आता ती चौथीत आहे आणि मैत्रिणींना वाढायला मदत करते.

मटकी आदल्या दिवशी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधते. थंडीत मोड येत नाहीत म्हणून गाठोडं घरी नेऊन चुलीजवळ ठेवते. घरी नेते ते एवढंच, आणि सकाळी परत आणते. खात्यावर टाकलेले पैसे सोमवारी साडेबारापर्यंत त्या पोरीच्या ताटात कोण वाढणार होतं?

कालथा:
ताई, त्यांना दिलेलं उत्तर चोख आहे. पण तुमचं वाचूनही मला राग आला, कारण वेगळं. माझ्या आईने सोळा वर्षं आहार शिजवला. महिन्याला हातात १००० रुपये, तेही वर्षाचे दहाच महिने. केंद्राने २००९ मध्ये ठरवलेला तो हजाराचा आकडा हललेला नाही. वरची भर राज्याने घातली, ती धरून २५०० होतात. म्हणजे कामाच्या दिवसाला शंभर-सव्वाशे. खुरपायला गेली असती तर याहून जास्त आणले असते. बरं, तेही वेळेवर नाहीत. दिवाळीचे पैसे आमच्या घरी संक्रांतीला आलेत. भाताचं पातेलं उतरवताना कढत पेज अंगावर आली, कोपरापासून मनगटापर्यंत भाजली. औषधपाणी घरच्या पैशांनी.

तुम्ही समाधानाबद्दल लिहिता तेव्हा वरच्यांना आयतं कारण मिळतं. म्हणूनच याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. कृपा करून त्या शब्दाला आणखी हातभार लावू नका.

खडू:
दोघांचं वाचलं. मुख्याध्यापकाचं कोण वाचणार? माझी शाळा दोन शिक्षकी. रोज किती जेवले ते मोबाइलवर भरायचं, साठा नोंदवही, जेवण आधी चाखून लिहायची चव नोंदवही, रिकाम्या पोत्यांचासुद्धा हिशोब. भाजी आणि गॅसचे पैसे आधी खिशातून. तिसरीचा भागाकार आठवडाभर अर्धाच राहिलाय, कारण दहा ते अकरा मी वाण्याकडे. शिजवण्यात आनंद असेल, पण तो माझ्या तासांवर उभा आहे.

चव नोंदवहीबद्दल मात्र तक्रार नाही. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या गंडामनच्या शाळेत २३ मुलं गेली, जेवणात कीटकनाशक होतं. त्या दिवसापासून पहिला घास मी खाल्ल्याशिवाय माझ्या शाळेत पंगत बसत नाही.

चूलवाली:
सर, तुमच्या भागाकाराचं मला खरंच वाईट वाटतं. पण हिशोबाला माणूस मागा, चुलीवर राग काढू नका. आणि कालथा दादा, २५०० पुरतात असं मी कुठे लिहिलंय? काम आवडतं म्हणाले की पैसे नकोत असं होत नाही. डॉक्टरला काम आवडतं म्हणून त्याची फी कुणी कापत नाही.

पळस:
पैशांचं नंतर बघू. पोरांच्या पोटात जातंय काय ते बोला. आमच्या शाळेतला तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, पिवळट दिसतात. गावात सगळे प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात. मी मुलाला घरून डबा देतो.

खडू:
झालं, हेच बाकी होतं. शंभर वेळा सांगून तोंड दुखलं. तो पोषणयुक्त दाणा आहे, शंभरात एक. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात. हलका असतो म्हणून तरंगतो. एका व्हिडिओपायी आमच्या गावातल्या सात मुलांनी महिनाभर जेवण सोडलं होतं, त्यातली दोन चक्कर येऊन पडली. शिकल्यासवरल्या माणसांनी असलं पसरवायचं म्हणजे पाप आहे.

पळस:
पाप काढू नका, गुरुजी. मी गडचिरोलीचा. माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. वाहक नाही, रुग्ण. दोनदा रक्त चढवलंय. लोह घातलेल्या धान्याच्या पोत्यांवर पूर्वी छापलेलं असायचं की थॅलेसेमिया या रक्ताच्याच आजाराच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावं, सिकलसेलवाल्यांनी खाऊ नये. २०२४ मध्ये ती सूचना छापायची सक्ती काढली. का काढली ते गावात येऊन कुणी सांगितलं? सूचना होती तेव्हा ती वाचून दाखवायला कुणी आलं नाही, काढली तेव्हाही नाही. मग लोकांनी प्लास्टिक म्हटलं तर नवल काय?

खडू:
मुलाचं माहीत नव्हतं. पाप हा शब्द मागे घेतो. पण प्लास्टिक हे खोटं आहे ते आहेच. सूचना काढली ती तज्ज्ञांच्या समितीला धोक्याचा पुरावा सापडला नाही म्हणून. तरी तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याच शब्दावर जाऊ नका, माझ्याही.

पळस:
हे पहिल्याच उत्तरात म्हणाला असता तर वाद झाला नसता.

चूलवाली:
तो तांदूळ पहिल्यांदा आला तेव्हा आम्हा दोघींनीही तरंगणारे दाणे हातानं काढून फेकले. किडका माल असेल असं वाटलं. पंधरा दिवस हेच. ज्या पोरींचे डोळे पांढरेफटक दिसतात त्यांच्यासाठी आलेलं लोह आम्ही मोरीत घालत होतो. सांगायला कुणी आलं नव्हतं, पळस दादांचं हे म्हणणं सोळा आणे खरं. शिजवणाऱ्या बाईला वर्षातून एक दिवस नीट बसवून शिकवा, ही माझी मागणी पैशांच्या मागणीइतकीच मोठी आहे. दादा, डॉक्टर नको म्हणाले तर मुलाला भाकरी पाठवा, पण बसू दे त्याला पंगतीतच. उसळ-वरण तिथलं खाता येतं का तेही विचारा.

कालथा:
पंगतीवरून लिहावं लागतंय, लिहायचं मनात नव्हतं. या कामात दलित, आदिवासी बायकांना प्राधान्य द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ चा आहे. आई त्यातूनच लागली. पहिल्या वर्षी चार घरांनी पोरांना डबे दिले. ती पोरं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून खायची. आई घरी काही बोलायची नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मसालेभात होता, त्यातला एक पोरगा डबा तसाच ठेवून ताट घेऊन आला. दिवाळीनंतर चौघेही आले. आता त्यातल्या एकाचं लग्न झालंय, वाटेत दिसला की गाडी थांबवून तिला घरापर्यंत सोडतो. तिला विचारलं तर ती तुमच्यासारखंच बोलेल, ताई. एवढं मान्य. चार महिन्यांचं थकलेलं मानधन मात्र अजून आलेलं नाही, ते मी सोडणार नाही.

सांजवेळ:
माझ्यामुळे धागा सुरू झाला म्हणून लिहितो. आमच्या गावच्या शाळेतून धान्याची पोती रात्री बाहेर जाताना मी स्वतः पाहिलीत. तक्रार केली, काही झालं नाही. त्या रागात सगळ्यांना एका मापाने मोजलं. शिजवणाऱ्या बायकांबद्दलचं वाक्य मागे घेतो. पैसे पालकांच्या खात्यावर टाकण्याबद्दलचं मत अजून तेच आहे. चोरीला वाव राहत नाही.

चूलवाली:
वाक्य मागे घेतलंत, बरं झालं. पोती बाहेर गेली ती कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती त्याने नेली असतील. आमच्याकडे किल्ली नसते, फक्त पळी असते. खात्यावर पैसे टाकण्याबद्दलचं मत बदलायचं नसेल तर नका बदलू, पण एका सोमवारी आमच्या शाळेत या. पंगत साडेबाराला बसते, त्याआधी अर्धा तास या म्हणजे वाढायला मदत होईल.