निवडून येत नाहीत म्हणूनच

'निवडून न आलेले न्यायाधीश संसदेचा कायदा रद्द कसा करतात?' असं विचारलं जातं. अहो, निवडून येत नाहीत म्हणूनच! मतं मागायला जाणारा बहुमताला नाही कसं म्हणेल? खरी मेख नेमणुका आणि बढत्या कोणाच्या हातात, यात आहे. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, यावर १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातले पाचपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले. एकटे एच. आर. खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये सरकारने त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती एम. एच. बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल मोडीत निघायला २०१७ उजाडलं. अर्थात आता नेमणुका ठरवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, म्हणजे कॉलेजियमही काही धुतल्या तांदळासारखं नाही. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे आणि कारणं बरेचदा गुलदस्त्यात, हे मलाही पटत नाही.