फाटकाजवळचा तुकडा आणि रविवारची फेरी

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप. मे महिन्याचा तिसरा आठवडा.)

रविवार

सचिव, सकाळी ८:१०
सर्वांना नमस्कार. फाटकाच्या उजवीकडच्या जागेचं (३० फूट बाय १२ फूट) कोटेशन आलं आहे. लॉन, सहा पाम, कंपाउंड वॉलला आतून चकचकीत टाइल्स, मधोमध छोटं कारंजं. दीड लाख, जीएसटी वेगळा. मृगाच्या आत उरकायचं तर बुधवारपर्यंत होकार द्यावा लागेल. आपापली मतं कळवा. 🙏

४०४ दादा, ८:१४
एकदम मस्त. कारंज्यात लाइट पण घ्या.

१०३, ८:१५
मोटर किती वाजता? टाकीत थेंब नाही.

सचिव, ८:१६
साडेनऊ.

१०३, ८:१६
प्यायला पाणी नाही, कारंजं आहे. चालू द्या.

२०३ वहिनी, ८:४७
सचिवसाहेब, होकार देऊ नका अजून. मी आत्ता फिरून आले. रोज मांडवीला जाते, आज मुद्दाम टिळक आळीच्या मागच्या बोळांत शिरले. डोक्यात आपला हा तुकडाच होता. फोटो टाकते, पण घरांचे नाहीत. गडग्याचे (रचलेल्या दगडांचं कुंपण), झाडांचे, जमिनीचे आहेत. लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा कुठलं घर म्हणून कोणी विचारू नका.

सगळीकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, गडबड चाललीय. एका ठिकाणी दोघेजण छपरावर बसून कौलं परतत होते. खाली बाई उभी, धड कौलं एका बाजूला, फुटकी दुसऱ्या. म्हटलं, फुटकी आता टाकणार. तर नाही! अळवाच्या वाफ्याला त्यांचीच कड केलेली. अर्धं कौल जमिनीत खोचलेलं, अर्धं वर, एकाला एक चिकटून. जुन्या कौलांवर शेवाळ धरून वाळलेलं, नवी तांबडी. आपल्या वॉचमनच्या केबिनवर पत्रा घातला तेव्हाची कौलं टाकीखाली पडली आहेत ना अजून?

दुसरं बघा, चौथा फोटो. छपराची कड जिथे संपते त्याच्या बरोबर खाली हातभर रुंद चर, त्यात बारीक खडी. पागोळ्या त्या खडीत पडणार, चिखल भिंतीवर उडणारच नाही. आपली भिंत दर पावसात गुडघ्यापर्यंत तांबडी होते आणि दर दिवाळीला आपण रंगाऱ्याला शिव्या घालतो.

१०५, ८:५५
हे किती सोपं आहे. आपल्याकडे कोणाला कसं सुचलं नाही?

४०४ दादा, ८:५८
वहिनी, राग मानू नका, पण आपण बिल्डिंगमध्ये राहतो. अळू, फुटकी कौलं, गडगा हे गावच्या घराला शोभतं. उद्या कोणी फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक आधी फाटक बघतं. पोरांना खेळायला हिरवळ नको का?

२०३ वहिनी, ९:०३
राग कसला. हिरवळ मलाही आवडते. पण मे महिन्यात तिला पाणी कोण घालणार? आपल्याकडे पाऊस चार महिने वेड्यासारखा आणि उरलेले आठ महिने टँकर. आज १०३ ला आंघोळ मिळाली नाही, उद्या लॉनला आधी द्यायचं का?

१०३, ९:०४
🙏🙏

१०५, ९:०६
कारंज्याला माझाही विरोध. मोटर बंद पडली की डासांची शाळा भरणार. दोन लहान मुलं आहेत घरात.

२०१, ९:१०
पावसात तर चार महिने वरूनच फुकट कारंजं असतं 😄

१०१ आजोबा, ९:३२
उशिरा वाचलं. टाइल्सच्या मुद्द्यावर लिहितो, जरा लांबेल. आयुष्य बांधकामावर गेलं म्हणून राहवत नाही. मागच्या जुलैत ती भिंत फुगली, आठवतंय? मी तेव्हाच म्हणालो होतो. पलीकडच्या प्लॉटची जमीन आपल्यापेक्षा तीन फूट उंच. पावसाचं सगळं पाणी मुरून भिंतीच्या पाठीला येतं आणि त्याला बाहेर पडायला एक भोक ठेवलेलं नाही. पाणी ढकलणार नाही तर काय करील? त्यावर आतून टाइल लावली तर फुगवटा दिसायचा बंद होईल. भिंत पडेल तेव्हाच कळेल.

२०३ म्हणतात तो गडगा पडत नाही, कारण त्यात सिमेंटच नसतं. चिऱ्यावर चिरा ठेवलेला, प्रत्येक फटीतून पाणी झिरपतं. एखादा चिरा सरकला तर उचलून परत बसवायचा.

आणि चिरा हा काय दगड आहे बघा. खाणीत मऊ असतो, हत्याराने कापला जातो. उघडा पडला, हवा लागली की वर्षागणिक टणक होतो. १८०७ साली बुकानन नावाच्या साहेबानं मलबारात अंगाडीपुरमला हा दगड पाहून लॅटराइट नाव ठेवलं. लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. आपण त्याला जांभा म्हणतो, रंगावरून. हा दगड पाणी पितो आणि सोडतो. त्याच्या अंगावर घट्ट सिमेंटचं प्लास्टर म्हणजे पावसाळ्यात रेनकोट आतून ओला. दोन वर्षांत पापुद्रे. जुन्या घरांची जोती बघा, उघडा चिरा आणि नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरलेल्या.

४०४ दादा, ९:३५
आजोबा, म्हणजे भिंत तशीच ठेवायची?

१०१ आजोबा, ९:३८
भिंतीत खाली दर पाच-सहा फुटांवर पाण्याला भोकं पाडा, आत तिरका पाइप घाला. पाठीमागे खडी भरता आली तर उत्तम. सुशोभीकरण मग.

१०५, ९:४०
आजोबा पटलं. पण गडगा आतल्या बाजूला नको प्लीज. गडग्यात जनावर, म्हणजे साप, राहतं. माझ्या माहेरी बाहेरच्या गडग्यात कायम असायचं.

३०२ काकू, ९:४४
जनावर कोणाच्या वाटेक जाणा नाय गो. तू त्येच्या वाटेक जाव नको.

१०५, ९:४५
काकू, पोरं जातात ना!

२०३ वहिनी, ९:५१
१०५, बरोबर आहे तुमचं. गडगा फक्त रस्त्याकडच्या बाजूला, फूटभर उंच, वाफ्याची कड म्हणून ठेवू. फटी मातीने बंद करून त्यात पावसात शेवाळ आणि नेचे येऊ द्यायचे. आज एका गडग्यावर गेल्या पावसातले वाळलेले नेचे तसेच चिकटून होते, काटक्यांसारखे. जुलैत तीच भिंत हिरवीगार असते, मी दरवर्षी बघते. आपण तेच प्लास्टिकच्या कुंड्यांचं व्हर्टिकल गार्डन विकत घेतो.

आणि खाली चिऱ्याच्याच लाद्या टाकू, मध्ये माती.

१०१ आजोबा, ९:५३
लाद्यांना माझा विरोध. मागच्या श्रावणात शेवाळावरून कोण घसरलं होतं? मीच.

२०३ वहिनी, ९:५५
हे मान्य. मग चालायच्या वाटेवर छिन्नीने टाचलेले खडबडीत चिरे, आणि पाऊस सुरू झाला की माडाच्या झावळ्या पसरायच्या. तेही आज बघून आले, झावळ्या कापून अंगणाच्या कडेला रचून तयार.

सचिव, १०:०२
मोटर सुरू केली आहे. आणि वहिनी, झाडांचं काय? पाम नको तर दुसरं काय लावायचं ते तरी सांगा. कमिटीला काहीतरी दाखवावं लागेल.

३०२ काकू, १०:०५
सुरंगी लावा रे एक. आमच्या वेंगुर्ल्याक चैतात सुरंगीचो वळेसर माळूक मिळता, हयसर खंय?

२०१, १०:०७
काकू, सुरंगी वाढायला किती वर्षं? फुलं तर फांदीलाच चिकटून येतात, तोडायला वर चढावं लागतं म्हणे.

३०२ काकू, १०:०८
तुम्ही लावा. नातवंडां माळतीत.

४०४ दादा, १०:११
नारळ लावू नका म्हणजे झालं. मागच्या वर्षी आहे त्या माडाचा एक नारळ माझ्या गाडीच्या टपावर आला होता.

२०३ वहिनी, १०:२४
आता खरी गोष्ट सांगते. मघाशी सांगितली नाही कारण थोडी लाज वाटत होती. एका गडग्यावरून वाकून मी आत बघत होते. आतून आवाज, "काय हवंय गं? वाकू नकोस, चिरा सरकेल. बेड्यातून ये आत." बेडं म्हणजे त्यांचं फाटक. एक आजी. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. मी सोसायटीचं सांगितलं तर त्यांनी सगळं परसू फिरवून दाखवलं.

न्हाणीचं पाणी उताराने एका चरात जातं. चराच्या तोंडाशी कर्दळ, दाट, पिवळी आणि लाल. पुढे केळी, पाच-सहा गड्डे. त्याच्या पुढे सुपारी, सावलीत. अळू मात्र विहिरीकडे, वेगळं. मी म्हटलं, हे का नाही इकडे? तर म्हणाल्या, "खायचं ना ते? त्याला साबणाचं पाणी कसं देऊ?" एका बादलीपासून सगळं ठरलेलं. नकाशा काढला असता तर आपल्या कॉन्ट्रॅक्टरच्या नकाशापेक्षा छान झाला असता.

पश्चिमेकडच्या पडवीला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचं काम चाललं होतं, झड आत येऊ नये म्हणून. त्या बाजूला खाऱ्या वाऱ्याला टिकणारं सगळं, कण्हेर, जास्वंद, तगर. मोगरा आणि अनंत घराच्या आडोशाला. म्हणजे नाजूक कुठे आणि राकट कुठे हे वाऱ्याने ठरवलेलं. आपल्या फाटकाजवळही वारा सरळ समुद्रावरून येतो. सहा पामांची पानं डिसेंबरपर्यंत झाडूसारखी होतील, लिहून घ्या.

आणि अबोली! पायरीच्या दोन्ही बाजूंना. मी म्हटलं रोप मिळेल का? त्यांनी एक वाळलेलं कणीस खुडलं, माझा तळहात ओला केला आणि त्यावर ठेवून मूठ मिटायला लावली. दोन क्षण काहीच नाही. मग तट, तट, तट. मुठीत चिमटे काढल्यासारखं. उघडली तर बोंडं फुटून बी तळहातभर पसरलेलं. पाणी लागलं की फुटतात, पहिल्या पावसात आपोआप पेरली जातात. पन्नाशीला आले मी, माझ्या हातात हे पहिल्यांदा झालं.

१०५, १०:२६
वहिनी, मला पण हवं ते कणीस. पोरांसाठी.

३०२ काकू, १०:२७
आम्ही शाळेत जाताना थुंकी लावून फोडायचो 😄

२०१, १०:३३
बी फुकट, कौलं फुकट. दीड लाखांचं काय करायचं मग?

१०१ आजोबा, १०:३५
भिंतीला भोकं.

२०१, १०:३६
कलमी सोनचाफा एक घ्या त्यातून. कलम लवकर फुलतं. फाटकातून आत येताना वास. आणि कोपऱ्यातल्या त्या माडावर मिरवेल चढवा, ४०४ दादांच्या गाडीची भरपाई मिरीत. भाट्याला पुलापलीकडे नारळ संशोधन केंद्र आहे, माडाखाली मसाल्याची झाडं कशी लावतात ती लाखीबाग तिथे बघता येते. मी जाऊन विचारून येतो रोपांचं.

४०४ दादा, १०:४१
मिरी चालेल 😄 पण एक प्रश्न, बागेचा नाही. माझ्या बाल्कनीची ग्रिल दर वर्षी गंजते. वहिनी, एवढं फिरलात तर त्यावर काही दिसलं का?

२०३ वहिनी, १०:४९
दिसलं की. जुन्या खिडक्यांना लोखंड जवळजवळ नाहीच. लाकडी गज, आणि वर छपराची पुढे आलेली रुंद कड. पाऊस खिडकीपर्यंत पोचतच नाही. थिबा राजवाडा बघा ना, १९१० सालचा. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला १८८६ मध्ये इथे आणून ठेवला आणि शेवटी वाडा बांधून दिला, तोही उतरत्या छपरांचा, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा. राजा असला तरी पाऊस तोच. आपल्या बिल्डिंगला कडच नाही, काच थेट पावसात. छप्पर बदलता येणार नाही, पण ग्रिल लोखंडाऐवजी लाकडाची केलीत आणि वर दीड फुटाची, पुढे आलेली कौलारू झडप बसवलीत तर फरक पडेल.

सचिव, १०:५२
बाहेरून काहीही बसवायचं तर कमिटीची परवानगी लागते. 🙏

४०४ दादा, १०:५३
आलंच.

१०१ आजोबा, ११:०५
झडप पत्र्याची नको, एवढंच सांगतो. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, मी दापोलीला भावाकडे होतो. पत्रे वर्तमानपत्रासारखे उडत होते. पोफळीच्या बागा आडव्या. नीट बांधून घ्या.

मंगळवार

सचिव, रात्री ९:४०
गच्चीवर आजच्या मीटिंगला अकरा जण होते. लॉन आणि कारंजं रद्द. भिंतीला पाण्याची भोकं आधी, त्याचं वेगळं कोटेशन मागवलं आहे. पामचा निर्णय पुढे ढकलला, कारण ४०४ अजून दोन पामवर ठाम आहेत.

४०४ दादा, ९:४२
दोनच म्हणालो. फाटकाच्या दोन बाजूंना.

२०३ वहिनी, ९:४४
आजींना रविवारी परत भेटायला जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर सहाला फाटकाशी. रिकाम्या हातानं नको, त्यांना आपल्याकडच्या शेवग्याच्या शेंगा न्यायच्या आहेत. आणि गडग्यावरून वाकायचं नाही.

१०३, ९:४५
मोटर उद्या किती वाजता?

सचिव, ९:४६
साडेसहा. आणि वहिनी, टाकीखालची कौलं मोजली. चौतीस आहेत. नऊ फुटलेली.

२०३ वहिनी, ९:४७
ती नऊच आधी काढून ठेवा.