स्पिटफायरचे भाग चुंबकाने बदलते ठेवता येतील का?

प्रश्न

नमस्कार. मी स्पिटफायर मार्क ९ या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाचे १/४८ प्रमाणातील प्लास्टिकचे मॉडेल जुळवत आहे. मूळ विमानाच्या पंखांची टोके काढून बदलता येत असत. कमी उंचीवर झटकन रोल घेता यावा, म्हणजे एका बाजूला कलून स्वतःभोवती फिरता यावे, म्हणून आखूड टोके बसवत, एरवी नेहमीची लंबवर्तुळाकार. किटमध्ये दोन्ही जोड्या असताना एक कायमची डब्यात ठेवणे मनाला पटत नाही. निओडायमियमचे छोटे पण जोरकस चुंबक वापरून टोके, पोटाखालची इंधनटाकी आणि चाके बदलती ठेवता येतील का?

पहिला प्रतिसाद

टाकीपासून सुरुवात करावी, कारण ती पोटाला सपाट बिलगते आणि आत भरपूर जागा असते. तीन मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची चकती पुरते. अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, म्हणून पंखाचा खालचा भाग चिकटवण्यापूर्वीच तेवढ्या जागेचे प्लास्टिक आतून खरवडून पातळ करावे. टाकीत चुंबकाऐवजी लोखंडी चकती बसवली तर ध्रुव जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र ती स्टेनलेसची असेल तर आधी चुंबक लावून पाहावे. स्टेनलेसच्या कित्येक प्रकारांना तो धरत नाही.

दुसरा प्रतिसाद

टाकीपुरते हे योग्यच आहे, पण टोकांसाठी मी दोन्ही बाजूंना चुंबकच सुचवेन. सांध्यापाशी पंख इतका पातळ असतो की तीन मिलिमीटरची चकती तिथे मावणारच नाही. एक किंवा दीड मिलिमीटर व्यासाचेच चुंबक शोधावे लागतील आणि त्यांची ओढ बेताची असल्यामुळे लोखंडावर भागणार नाही. शिवाय चुंबक ओढून धरतो, पण बाजूला सरकणे फारसे रोखत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यात पितळी तारेची एक खुंटी हवीच. डाव्या पंखात उत्तर ध्रुव बाहेर ठेवला तर उजव्या पंखात दक्षिण ठेवावा, म्हणजे चुकीच्या बाजूचे टोक आपोआप दूर लोटले जाईल. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक चुंबकाच्या बाहेरच्या तोंडावर मार्करने ठिपका द्यावा. सुपरग्लू वाळेपर्यंत दुसरा चुंबक जवळ आणू नये, नाहीतर पहिला खड्ड्यातून उचलून येतो.

तिसरा प्रतिसाद

चाकांच्या बाबतीत मॉडेलचे वजन चुंबकावर टाकू नये. पायाच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) वरच्या टोकाला पितळी खुंटी आणि पंखात तिच्या मापाची नळी असावी, म्हणजे पायाचा तिरकेपणाही कायम राहतो. चुंबक केवळ पाय गळून पडू नये यासाठी. मिटलेल्या स्थितीसाठी पायाचे झाकण आणि चाक एकत्र जोडून स्वतंत्र तुकडा करावा. मार्क ९ मध्ये मिटल्यावरही चाकाचा काही भाग उघडाच दिसतो, तो झाकू नये. घरात लहान मुले असतील तर सुटे चुंबक कुलपात ठेवावेत. दोन पोटात गेले तर आतड्याला चिमटा बसून जिवावर बेतू शकते.

रंगवताना सांध्याची तोंडे टेपने झाकावीत, कारण रंगाचे थरही अंतर वाढवतात. टोकांच्या दोन्ही जोड्या आळीपाळीने पंखाला लावून एकाच बैठकीत, एकाच मिश्रणाने फवाराव्यात, म्हणजे कॅमुफ्लाजच्या पट्ट्या दोन्हींवर नेमक्या जुळतात.