इथेनॉल म्हणजे पाणी नव्हे, आणि मळी म्हणजे सांडपाणी नव्हे

चुलाण
कालच्या धाग्यावर कुणीतरी फॉरवर्ड डकवलं: "कारखान्याची फुकटची मळी आंबवायची, ते पाणी पेट्रोलमध्ये ओतायचं, त्याचं नाव ई२०." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हा वेगळा धागा. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा घट्ट पाक. ती फुकट नसते, टनावर विकली जाते. ती पातळ करून सामू ४.५ च्या आसपास आणायचा, यीस्ट सोडायचं, तापमान ३२ अंशांजवळ धरायचं. २४ ते ३० तासांत आठ-दहा टक्के अल्कोहोलचा वॉश, म्हणजे आंबलेला द्रव, तयार. खरी कसरत थंडाव्याची. एप्रिलात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट. वॉश ३६ च्या वर गेला की यीस्ट मान टाकतं, लॅक्टिक आम्लवाले जिवाणू साखरेवर ताव मारतात आणि उतारा पडतो.

पुढं ऊर्ध्वपातनात ९५-९६ टक्क्यांवर घोडं अडतं. तिथं पाणी आणि अल्कोहोल जोडीनंच उकळतात, मनोऱ्यात कितीही प्लेटा वाढवा. राहिलेलं पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांनी काढतात. मण्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची: पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा मावत नाही. एक बेड पाणी शोषतो तेव्हा दुसरा व्हॅक्यूमखाली वाळतो. शुद्धता ९९.५ च्या खाली भरली तर टँकर तेल कंपनीच्या डेपोवरून परत. आता दाखवा, पाणी कुठं आहे?

पिस्टनराव
पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत. जुलै महिन्यात.

डेपोपर्यंत कोरडं पोचवलं की तुमचं काम संपलं, आमचं तिथून सुरू. इथेनॉल ओल ओढतं. ई१० मध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी विरघळून राहतं, ई२० मध्ये आणखी थोडं. त्यापलीकडं गेलं की पाणी आणि इथेनॉल गळ्यात गळे घालून तळाशी. गाडीच्या फ्युएल पंपाची जाळीही तळाशीच. वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, त्यावर इंजिन ठोकतं.

कार्ब्युरेटरवाल्यांचे हाल वेगळे. इथेनॉलमध्ये वजनाच्या ३५ टक्के प्राणवायू, पेट्रोल सोडणारा जेट मात्र जुनाच. मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त न् इंधन कमी, गाडी चोक ओढूनही खोकते. नायट्राइल रबराच्या नळ्या फुगतात. टाकीतला वर्षानुवर्षांचा राळेसारखा थर सुटून फिल्टरात. आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अॅव्हरेज ६-७ टक्के पडणार, दुचाकीचं ३-४. पंपावर त्याची सूट कुणी दिली?

चुलाण
अॅव्हरेज पडतं, मान्य. लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, हे लपवलंय कुणी? पाणी मात्र टाकीचं झाकण नीट न लावणाऱ्यामुळं शिरतं. टाकी मोजायच्या डिप रॉडला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून रोज बघायचं असतं. इथेनॉल मिश्रणाला वेगळी पेस्ट लागते, जुनीचा रंग धड बदलत नाही.

पिस्टनराव
म्हणजे चूक पंपवाल्याची, खिसा गिऱ्हाइकाचा. वा!

कोरडवाहू
रबराच्या नळ्या राहू द्या, पाटाच्या पाण्याचं बोला. नीती आयोगाच्या त्याच अहवालात लिटरभर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी धरलंय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, विसरलात? वर मळी नदीत सोडून मासे मारायचे.

चुलाण
तो आकडा टनभर उसाचं सगळं पाणी ७० लिटरांवर टाकून काढलाय, म्हणजे रस थेट आंबवला तरचा. सी-हेवी, म्हणजे शेवटच्या मळीतून निघण्यासारखी साखर आधीच निघालेली असते. टनामागे ४०-४५ किलो मळी, तिचं दहाएक लिटर इथेनॉल. ऊस साखरेसाठीच लावला होता. आणि मळी नदीत कोण सोडेल हो, पैसा आहे तो! जातो तो स्पेंटवॉश, अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी.

बांधावरची
आमच्याकडं मळी म्हणजे ट्रॉलीनं शेतात टाकतात ती. रस गाळून उरलेला गाळ, तुमच्या भाषेत प्रेसमड.

चुलाण
मग प्रेसमडच म्हणा ना ताई. मळी म्हणजे मोलॅसिस.

बांधावरची
चावडीवर जाऊन म्हणा मोलॅसिस. काकवी समजून वाटी घेऊन येतील.

कोरडवाहू
शब्दांची कुस्ती पुरे. सी-हेवीचा सोज्वळपणा दाखवताय, पण साखर बाकी असलेल्या बी-हेवी मळीचं आणि सिरपचं काय? ७ डिसेंबर २०२३ ला रस-सिरपपासून इथेनॉल करायला मनाई का करावी लागली? पाऊस कमी, साखर कमी, म्हणून. आणि लिटरमागे ८ ते १२ लिटर स्पेंटवॉश, त्यातल्या घाणीचं माप, सीओडी, लाखाच्या वर. तो कुठं मुरतो?

चुलाण
बी-हेवीत साखरेचा उतारा दीडेक टक्क्यानं सोडतात, तेवढं पाणी इथेनॉलच्या नावावर पडतं. घ्या, दिलं तुम्हाला. स्पेंटवॉश मात्र बाष्पीभवनानं आटवून ५५-६० टक्के घन पदार्थांवर आणतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. राखेतलं पोटॅश खत म्हणून विकतात. थेंब बाहेर जात नाही.

स्लॉपबॉयलर
माहितीपत्रकात जात नाही. ती राख वितळते आणि सुपरहीटरच्या नळ्यांवर काचेसारखी बसते. ड्राफ्ट म्हणजे हवेचा ओढा पडतो, वाफ पडते, बॉयलर थंड करून घासत बसावं लागतं. तेवढे दिवस डिस्टिलरी कोण बंद ठेवतो? स्पेंटवॉश लगूनमध्ये, म्हणजे उघड्या तळ्यात. लगून भरलेला असताना वळीव आला की पुढचं नदीकाठचे लोक सांगतील.

कोरडवाहू
घरचाच आहेर.

बांधावरची
त्यापेक्षा *आमच्या* मळीचा गॅस करा. २०१८ च्या 'सतत' योजनेत हेच आहे: साधारण २५ टन प्रेसमडचा टनभर सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस. कच्च्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून मिथेन नव्वदच्या वर न्यायचा. पण हंगाम चार-पाच महिन्यांचा. ढीग उघड्यावर ठेवला तर तो आतून तापतो, गॅस जागेवरच उडून जातो आणि पावसाळ्यात डायजेस्टरला, म्हणजे गॅसच्या टाकीला, उरते माती. उसाच्या मेणाचा तवंग वर धरतो तो निराळाच, ढवळणी बंद पडली की गॅस अडकतो.

स्लॉपबॉयलर
झाकून ठेवायला शेड कोण बांधणार? तिथंच घोडं पेंड खातं.

पिस्टनराव
सगळे गॅसवर गेले. ओ-रिंगा कोण बदलणार?

चुलाण
इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराच्या घ्या. तपकिरी दिसली म्हणजे व्हायटॉन असं नाही, काळीही येते. पाकिटावर एफकेएम, म्हणजे त्याच रबराची खूण, लिहिलंय का तेवढं बघा.